सूक्ष्म पतंगाची नवी प्रजाती: "जुळत नाही" पासून "छापून आलं" पर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: दिव्याखाली लावलेल्या पांढऱ्या चादरीवर एक इवलासा पतंग मिळाला, पुढचा पंख जेमतेम चार मिलिमीटरचा. महिन्याभरात तो तीनदा आला, त्यातले दोन नमुने टाचून ठेवले आहेत. कुठल्याही फोटोशी तो जुळत नाही, आणि दोन जाणकार म्हणाले, "बहुधा नवीन असावा." आता त्याचं वर्णन कसं लिहायचं, नाव कसं द्यायचं, या सगळ्याला किती दिवस लागतील आणि नवी प्रजाती मान्य कोण करतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथेच असतो. नव्या प्रजातीला मान्यता देणारी कुठलीही समिती नसते. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती १९९९ ची, ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली. नाव नियमांत बसलंय की नाही एवढंच ती पाहते. पतंग खरोखर नवा आहे का, यावर ती काहीच बोलत नाही. ते ठरवायचं तुम्ही, आणि तुमचं बरोबर होतं की चूक हे ठरवणार तुमच्यानंतर त्या गटावर काम करणारी माणसं. चुकलात तर तुमचं नाव जुन्या नावाचं सिनोनिम (त्याच प्रजातीचं जादा नाव) म्हणून यादीत राहतं, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ते एकदा तरी तपासावंच लागतं. सूक्ष्म पतंगांच्या याद्या अशा नावांनी आधीच भरल्या आहेत. म्हणून सगळ्यात जास्त वेळ वर्णन लिहिण्याआधीच्या कामाला द्या.

"फोटोशी जुळत नाही" याचा अर्थ नीट समजून घेऊ. पतंग आणि फुलपाखरं मिळून नाव मिळालेल्या प्रजाती दीड लाखाच्या वर आहेत. त्यातल्या सूक्ष्म पतंगांच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याचा एकही चांगला फोटो कुठे उपलब्ध नाही. आहे ते फक्त शंभर वर्षांपूर्वीचं पाच-सात ओळींचं वर्णन, आणि कुठल्यातरी संग्रहालयाच्या खणात टाचलेला एक नमुना. एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तरांनी (१८५४–१९३८) एकट्याने चौदा हजारांहून अधिक प्रजातींना नावं दिली. शाळा सांभाळून केलेलं हे काम पाहिलं की आजही मी थक्क होतो. पण त्यांनी पतंग भिंगाखाली पाहिले, पोट उघडून जननेंद्रियं कधी तपासली नाहीत. त्यांची वर्णनं अतिशय आखूड. आशिया आणि आफ्रिकेतल्या सूक्ष्म पतंगांवर काम करायचं म्हटलं की मेरिक यांना टाळून पुढे जाताच येत नाही. १९१२ ते १९३७ या काळात त्यांनी 'एक्झॉटिक मायक्रोलेपिडोप्टेरा' ही मालिका स्वतःच काढली. ती आज स्कॅन होऊन उपलब्ध आहे. त्यांचे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत, आणि काही कुळांपुरते त्यांचे फोटो व जननेंद्रियांची चित्रं क्लार्क या पतंग-अभ्यासकाच्या १९५५ ते १९७० दरम्यान निघालेल्या आठ खंडांत आहेत. तुमचा पतंग तिथे नाही, हे तुम्ही स्वतः पान उलटून पाहिलेलं असलं पाहिजे.

त्यासाठी आधी कुळ आणि जीनस (कुळाच्या आतला जवळच्या प्रजातींचा गट) ठरवा. पंखावरच्या नक्षीवरून जीनस ठरवू नका, नक्षी फार फसवते. डोकं पाहा. जिभेच्या बुडाशी खवले आहेत की ती उघडी आहे? ओठांजवळचे पाल्प वर वळलेले, डोक्याच्या वर गेलेले आहेत की खाली लोंबतात? मिशांचं पहिलं पेर रुंद होऊन डोळ्यावर झाकणासारखं बसलंय का? तसं असेल आणि पतंग अगदीच बारका असेल तर नेप्टिक्युलिडीसारख्या कुळांकडे वळा. मग पंखांच्या शिरा. शिरा दिसण्यासाठी एका बाजूचे पंख काढून, खवले साफ करून स्लाइड करावी लागते. एवढ्या लहान पंखावर ते जिवावर येतं, पण एक नमुना त्यासाठी द्यावाच लागतो.

इथे माझी एक चूक सांगतो. एका पतंगाला मी जवळजवळ तीन वर्षं नवा समजत होतो. माझ्या मते तो ज्या जीनसमधला होता, त्यातली सगळी नावं मी तपासली, उपलब्ध टाइप नमुन्यांचे (ज्यांच्यावर मूळ नाव आधारलेलं असतं त्या नमुन्यांचे) फोटो मागवले, हस्तलिखित पूर्ण केलं. शेवटी एका परीक्षकाने विचारलं, "शेजारचं कुळ पाहिलंत का?" पाहिलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाने तो पाल्पांवरून भलत्याच कुळात टाकला होता, आणि तिथे तो आजही पडून होता. नाव होतं, टाइप होता, फोटोही होता. मी शोधत होतो चुकीच्या कपाटात. तेव्हापासून मी जीनसच्या नावाने शोधतच नाही. शेजारच्या दोन-तीन कुळांत त्या प्रदेशातून आलेली झाडून सगळी नावं काढतो आणि एकेक खोडत जातो.

असं करावं लागतं कारण प्रजातीचं नाव जागचं हलत नाही, पण जीनस बदलत राहतो. टोमॅटोवरची नागअळी घ्या, शेतकरी तिला टुटा म्हणून ओळखतात. मेरिक यांनी तिचं वर्णन १९१७ साली, पेरूतल्या वान्कायोहून आलेल्या एका नरावरून केलं आणि फ्थोरिमिया जीनसमध्ये 'अब्सोल्युटा' असं नाव दिलं. पुढे हेच 'अब्सोल्युटा' नोरिमोशेमा, स्क्रोबिपाल्पुला, स्क्रोबिपाल्पुलॉइड्स अशा जीनसमधून फिरलं, १९९४ मध्ये टुटामध्ये आलं आणि २०२१ मध्ये परत फ्थोरिमियात गेलं. 'टुटा' शब्द धरून जुनी पुस्तकं चाळली तर हाती काहीच लागणार नाही.

आता पोट उघडण्याकडे येतो. सूक्ष्म पतंगांत खरा निवाडा बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

टाचलेल्या नमुन्याचं पोट बारीक चिमट्याने खालून वर हलकं उचललं की ते बुडाशी तुटतं. ते पडलं कुठे हे दिसलं पाहिजे, म्हणून खाली नेहमी पांढरी बशी. श्वाससुद्धा बाजूला वळून घ्यायचा. दीड मिलिमीटरची ती वस्तू उडाली तर परत सापडत नाही. मग ती दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. घाई असेल तर गरम पाण्यात नळी ठेवून वीस-तीस मिनिटं, नसेल तर रात्रभर साध्या तापमानाला. मी रात्रभर ठेवतो. लहान पोट गरम द्रावणात पाहता पाहता इतकं मऊ होतं की मादीची पिशवी ब्रशला चिकटून फाटते.

सकाळी ते पाण्यात घ्यायचं. मायक्रोस्कोपखाली काल काळपट दिसलेलं पोट आता पारदर्शक पिशवीसारखं दिसतं, आत चरबी विरघळून पिवळट ढग झालेला, आणि टोकाशी तपकिरी, चकचकीत असं काहीतरी. दोनच केस उरतील असा कातरलेला ब्रश घेऊन पोट पुढून मागे हळूहळू दाबत न्यायचं. ढग बाहेर येतो, खवले पाण्यावर तरंगतात. पाणी बदलायचं, परत तेच. चौथ्या-पाचव्या वेळी पाणी स्वच्छ राहतं आणि नराची जननेंद्रियं मोकळी दिसू लागतात: वरती चोचीसारखा अंकस, दोन बाजूंना चिमट्याच्या पाकळ्यांसारखे व्हाल्वा, मधे नळीसारखा फॅलस. व्हाल्वा उघडून पसरायचे, फॅलस अलगद मागून ओढून वेगळा काढायचा. मादीत पाहायचं ते वेगळं: अंडी घालायची टोकं, आतल्या आधाराच्या काड्या, नळी, आणि शेवटी फुग्यासारखी पिशवी. तिच्या भिंतीवर बहुधा एखादा काटेरी ठिपका असतो, त्याला सिग्नम म्हणतात. पिशवीचा पडदा इतका पातळ असतो की क्लोराझोल ब्लॅकसारख्या रंगात बुडवल्याशिवाय तो आहे की फाटून गेलाय हेही कळत नाही.

पुढे अल्कोहोलमधून पाणी काढायचं आणि युपॅराल या डिंकासारख्या पारदर्शक द्रवात काचेखाली बसवायचं. पण काच ठेवण्याआधी ग्लिसरीनमध्ये सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काच पडली की तिन्ही मितींमधला आकार चपटा होतो, आणि कुठला कोन जरासा वेगळा झाला तर दोन लेखकांची चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. काही गटांत याच कारणासाठी व्हाल्वा पसरण्याऐवजी संपूर्ण अवयव बाजूने उलगडून बसवण्याची पद्धत आहे. तुमच्या गटातल्या गेल्या वीस वर्षांतल्या लेखांत ज्या पद्धतीची चित्रं असतील, तीच पद्धत घ्या. तुलना त्यांच्याशीच करायची आहे. पोटाचं कातडंसुद्धा टाकू नका, तेही त्याच स्लाइडवर. आणि स्लाइडचा क्रमांक त्याच क्षणी नमुन्याच्या टाचणीवरच्या चिठ्ठीवर लिहा. "नंतर लिहू" म्हणून बाजूला ठेवलेल्या स्लाइडी कुठल्या पतंगाच्या हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. असे दोन चांगले नमुने माझ्या हातून कायमचे गेले आहेत.

तुमच्याकडचे दोन नमुने नर आहेत की मादी हे प्रश्नात लिहिलेलं नाही. दोन्ही एकाच लिंगाचे असतील तर थांबा आणि आणखी गोळा करा. एका नमुन्यावरूनही प्रजातीचं वर्णन करता येतं, संहिता अडवत नाही, आणि पुन्हा कधी मिळणार नाही अशा ठिकाणचा पतंग असेल तर मीही करेन. पण तुमचा पतंग महिन्यात तीनदा आलाय, म्हणजे तो तिथे आहे. अजून आठ-दहा नमुने, दोन्ही लिंगांचे, शक्यतो दोन ऋतूंमधले, असतील तर वर्णनात 'बदल' हा परिच्छेद लिहिता येतो, आणि पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. गोळा करण्याआधी त्या जागेसाठी आणि त्या देशात काय परवानगी लागते ते पाहून ती हातात घ्या. परवानगीचा क्रमांक बरीच नियतकालिकं मागतात.

बदलाचं महत्त्व मला अळ्यांनी शिकवलं. एकाच झुडपावरून गोळा केलेल्या अळ्या वाढवल्या, आणि एकाच आठवड्यात कोषांतून दोन रंगांचे पतंग निघाले. काही फिकट राखाडी, काही जवळजवळ काळे. दिव्याखाली वेगवेगळे मिळाले असते तर मी त्यांना दोन प्रजाती म्हटलं असतं. जननेंद्रियं अगदी सारखी होती, डीएनएसुद्धा. तुमच्या पतंगाची अळी शोधण्याचा प्रयत्न जरूर करा. दिवसा त्या परिसरातल्या झाडांच्या पानांवर नागमोडी पांढऱ्या रेषा, फुगलेले ठिपके, गुंडाळलेली टोकं पाहा. अळी आणि खाद्यवनस्पती कळली तर वर्णनाचं मोल कितीतरी वाढतं. पोखरलेली पानं दाबून, वाळवून जपा. युरोपात हॉर्स चेस्टनटची पानं पोखरणारी कॅमेरारिया ओहरिडेला १९८४ च्या सुमारास बाल्कन प्रदेशातल्या ओहरिड सरोवराजवळ लक्षात आली आणि १९८६ मध्ये तिला नाव मिळालं. ती मुळात आली कुठून यावर बराच काळ वाद होता. मग २०११ मध्ये जुन्या वनस्पतिसंग्रहांतली पानं तपासली तेव्हा ग्रीसमध्ये १८७९ साली खुडलेल्या पानांत तिच्या अळ्या सापडल्या. म्हणजे नाव मिळण्याच्या शंभर वर्षं आधीपासून ती बाल्कनमध्ये होती. पान दाबून ठेवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, पतंगाचा त्याला पत्ताही नव्हता.

डीएनए बारकोडबद्दल हल्ली पहिला प्रश्न येतो, म्हणून तेही. २००३ पासून पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत म्हणजे सीओआय या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तुलना करणं. वाळलेल्या नमुन्याचा एक पाय पुरतो, नमुना जितका ताजा तितकं यश जास्त. जरूर करा. पण निकाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तुमचा क्रम सार्वजनिक साठ्यात कशाशीच जुळला नाही, तर त्यावरून एवढंच कळतं की तो पतंग आजवर कुणी तिथे टाकलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या अनेक प्रजाती तिथे नाहीत. दुसरं, 'दोन टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती' असा कुठलाही नियम नाही. वोल्बाकियासारखे जिवाणू मातेकडून पुढे जातात आणि त्यांच्यामुळे एकाच प्रजातीत या जनुकाचे दोन गट पडलेले दिसू शकतात, किंवा दोन प्रजातींत एकच.

बारकोड आणि शरीररचना एकमेकांना कसे धरून चालतात याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं आहे. प्लुटेला झायलोस्टेला, लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेला, जगभर पसरलेला, कीड म्हणून सतत अभ्यासला गेलेला. ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांचे बारकोड काढले तेव्हा त्यात दोन स्पष्ट गट पडले. हे काम करणारे लांद्री आणि हेबर्ट तिथे थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही गटांची पोटं उघडली, जननेंद्रियांत ठळक फरक सापडला, आणि मग २०१३ मध्ये प्लुटेला ऑस्ट्रेलियाना या नावाने नवी प्रजाती आली. बाहेरून दोन्ही इतके सारखे की इतकी वर्षं कीटकतज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर असून तो कुणाला दिसला नाही. बारकोडने कुठे पाहायचं ते दाखवलं, आणि दोन्ही पुरावे एकत्र आल्यावर नाव दिलं गेलं.

एवढं सगळं झाल्यावर लिखाण. सुरुवात निदानापासून करा, म्हणजे ज्याला इंग्रजी लेखांत डायग्नोसिस म्हणतात त्या परिच्छेदापासून. १९३० नंतर दिलेल्या नावाला शब्दांत सांगितलेला फरक असावाच लागतो, नुसता फोटो चालत नाही. पण नियम नसता तरी मी तिथूनच सुरुवात केली असती. पुढच्या माणसाच्या हातात एक पतंग असणार आणि तो विचारणार, "हा तोच का?" त्याला उत्तर याच परिच्छेदात मिळालं पाहिजे. "पंख सुंदर तपकिरी, रुपेरी ठिपक्यांसह" असं लिहून काहीच उपयोग नाही, त्या जीनसमधल्या वीस प्रजातींना ते लागू पडेल. त्याऐवजी असं लिहा: "व्हाल्वाचं टोक दुभंगलेलं, खालचा फाटा वरच्याच्या दुप्पट लांब. सगळ्यात जवळच्या प्रजातीत दोन्ही फाटे सारख्या लांबीचे, आणि फॅलसमध्ये काटा नाही." कुठल्या प्रजातीशी तुलना, कुठला अवयव, फरक किती, हे तिन्ही त्यात आलं. हा परिच्छेद तुम्हाला लिहिताच येत नसेल, तर प्रजाती वेगळी आहे याची तुमचीच अजून खात्री झालेली नाही असं समजा.

मग वर्णन: डोकं, छाती, पाय, पंख, पोट, नर, मादी, याच क्रमाने, कारण वाचणारा त्याच क्रमाने शोधतो. पुढच्या पंखाची लांबी द्या, बुडापासून टोकापर्यंत, आणि किती नमुन्यांची मोजली तेही. पंख पसरून मोजलेली रुंदी टाचण्याच्या पद्धतीप्रमाणे कमी-जास्त होते. रंग सांगताना दोन अंतरांवरून पाहा. नुसत्या डोळ्यांना 'करडा' दिसणारा पंख चाळीसपट मोठा करून पाहिलात तर बहुधा एकही खवला करडा नसतो. बूड पांढरं, टोक काळपट तपकिरी असलेले खवले दाटीवाटीने बसलेले असतात, आणि जिथे टोकं झिजलीत तिथे तोच पंख पांढरट. "खवले पांढरे, टोकाशी गडद तपकिरी" असं लिहिलं, तर झिजलेला नमुना हातात असलेला माणूसही तो ओळखू शकतो. 'करडा' लिहिलं असतं तर त्याने तो दुसऱ्या प्रजातीत टाकला असता.

होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्यावर कायमचं टेकलेलं असतं तो एकच नमुना, निवडताना सगळ्यात सुंदर नमुना घ्यायचा मोह होतो. ज्यावर तुमचा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो, ज्याची स्लाइड उत्तम झाली आहे आणि शक्य असल्यास ज्याचा बारकोडही वाचला गेला आहे, तो घ्या. बहुतेक गटांत तो नर असतो, पण ज्या गटात मादीवरूनच ओळख पटते तिथे मादी निवडायला हरकत नाही. १९९९ नंतरच्या नावांसाठी दोन गोष्टी सक्तीच्या आहेत: लेखात ही 'नवी प्रजाती' आहे असं स्पष्ट म्हटलेलं असणं, आणि टाइप नमुना नेमका कुठला हे ठरवून देणं. नमुना शाबूत असेल तर तो कुठल्या संग्रहात आहे किंवा जाणार आहे, त्याचं नाव आणि ठिकाणही लिहावं लागतं. तो स्वतःच्या घरी ठेवू नका. सार्वजनिक संग्रहालयात द्या, जिथे तो परदेशातल्या अनोळखी अभ्यासकालाही पाहायला मागता येईल. मेरिक यांचं आखूड वर्णन आज वापरता येतं ते केवळ त्यांचे नमुने खणात जागच्या जागी आहेत म्हणून.

टाचणीवरची चिठ्ठी हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग. ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणारा, दिव्यावर मिळाला की अळीतून निघाला. गाळून गाळून लिहू नका. तारखेत महिना रोमन अंकात लिहिण्याची जुनी पद्धत चांगली आहे, कारण ०५-०७ म्हणजे मे की जुलै हा घोळ होत नाही. होलोटाइपला लाल चिठ्ठी, पॅराटाइपना (वर्णनात वापरलेल्या बाकीच्या नमुन्यांना) बहुधा पिवळी.

नाव. इथे लोक महिने घालवतात, मी मुद्दाम थोडक्यात सांगतो. नाव लॅटिन लिपीत हवं, पण शब्द लॅटिन असायची गरज नाही, मराठी शब्दही चालतो. विशेषण असेल तर त्याचं लिंग जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलावं लागतं. प्लुटेला स्त्रीलिंगी, म्हणून ऑस्ट्रेलियाना. मराठी किंवा इतर भाषेतला शब्द नाम म्हणून तसाच ठेवला तर तो बदलत नाही, आणि तसं लेखात लिहून टाकलं की पुढचे वाद टळतात. माणसाच्या नावावरून द्यायचं असेल तर पुरुषासाठी शेवटी 'आय', स्त्रीसाठी 'एई', अनेकांसाठी 'ओरम' (सगळ्या स्त्रिया असतील तर 'आरम') ही अक्षरं जोडतात. त्या व्यक्तीला आधी विचारा. स्वतःचं नाव देऊ नका. नियमाने बंदी नाही, पण तशी रीत नाही. त्याच जीनसमध्ये तेच नाव आधी कुणी वापरलंय का, हे जीनसच्या जुन्या सिनोनिमांसकट पाहा. मला स्वतःला खाद्यवनस्पतीवरून किंवा शरीराच्या खुणेवरून दिलेली नावं आवडतात, कारण ती ऐकणाऱ्याला काहीतरी सांगतात. लिनियसने बारक्या पतंगांच्या एका गटाची नावं 'एला'वर आणि पानं गुंडाळणाऱ्यांची 'आना'वर संपवली होती. नुसतं नाव ऐकून गट कळावा ही त्यामागची कल्पना मला फार भावते.

प्रसिद्धी. सूक्ष्म पतंगांवरचे लेख नियमित येतात आणि त्या गटाचे परीक्षक असतात, असं नियतकालिक निवडा. ते फक्त ऑनलाइन निघत असेल तर एक बाब तपासूनच पाठवा. २०१२ च्या सुरुवातीपासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशन ग्राह्य धरलं जातं, पण त्यासाठी लेखाची झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद झालेली असावी लागते, आणि त्या नोंदीचा पुरावा व प्रकाशनाची तारीख लेखातच छापलेली असावी लागते. ही नोंद राहिली तर लेख वाचला जाईल, पण त्यातलं नाव संहितेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसेल. लेख छापून येईपर्यंत ते नाव समाजमाध्यमांवर, भाषणात, प्रबंधात, अहवालात कुठेही लिहू नका. आधी फुटलेल्या नावामुळे नंतर होणारा गोंधळ निस्तरायला फार वेळ जातो.

किती दिवस लागतील, असंही तुम्ही विचारलंय. माझी सगळ्यात लवकर झालेली प्रजाती चौदा महिन्यांत छापून आली, कारण त्या जीनसचा अलीकडेच सगळा आढावा निघालेला होता आणि टाइपांचे फोटो त्यात होते. सगळ्यात उशिराचीला नऊ वर्षं लागली, कारण जुन्या एकमेव मादीच्या टाइपचं पोटच तुटून हरवलेलं होतं आणि तुलना करायची तर त्याच जागी जाऊन नवे नमुने मिळवणं भाग होतं. तुमच्या जीनसचा आढावा किती जुना आहे, यावर तुमची वेळ ठरेल.

सध्या दोन्ही नमुने कीटकनाशकाच्या गोळीसह घट्ट पेटीत ठेवा, पेटीत शिरलेले बारके भुंगे पतंगाचं पोट सगळ्यात आधी खातात. तारीख, जागा आणि चादर कुठे लावली होती ते आजच लिहून काढा. एका नमुन्याचा पाय काढून बारकोडसाठी वेगळा ठेवा, त्याच्या नळीवर नमुन्याचा क्रमांक घाला. मग दुसऱ्या नमुन्याचं पोट उघडा. पहिल्यांदाच करत असाल तर आधी कुठल्याही साध्या, मुबलक मिळणाऱ्या पतंगाची दहा पोटं करून हात बसवा आणि अकरावं तुमचं घ्या. स्लाइडचा फोटो, पाल्पांचा बाजूने काढलेला फोटो आणि पंखांच्या शिरा, एवढं माझ्याकडे आलं की कुठल्या कुळांची नावं खोडायला घ्यायची ते आपण एकत्र बसून ठरवू.